आगरकरांची गरिबी आणि आपले कर्तव्य

गोपाळ गणेश आगरकर यांच्या दारिद्र्याची कथा आमच्याकडे मोठ्या आवडीने सांगितली जाते. परंतु तिचा अर्धाच भाग सांगितला जातो, अशी आमची तक्रार आहे.

१८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी निर्धन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोवळ्या वयातच त्यांस कऱ्हाडास कचेरीत उमेदवारी व दवाखान्यात कंपाउंडरी करावी लागली. विद्येच्या आशेने ते रत्नागिरीपर्यंत पायी गेले. पण तेथे सोय न लागल्यामुळे त्यांस परत फिरावे लागले. एवढा निग्रहही तेथे निष्फळ ठरला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढे जे घडले ते आमच्या वऱ्हाडात. अकोल्यास आप्तांच्या घरी त्यांस आसरा मिळाला आणि शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या शिक्षकाने या मुलाचे तेज ओळखून त्यास साहाय्य केले. १८७५ साली मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अंगात एकच सदरा. तो रात्री धुवावा व सकाळी घालावा. शिष्यवृत्त्या, निबंधांची बक्षिसे व वर्तमानपत्री लेखन यांवर खर्च भागवून ते एम. ए. झाले.

आता मोठ्या पगाराची नोकरी हात जोडून उभी होती. आगरकरांनी मात्र आईस पत्र लिहून कळविले की, पोटापुरत्या वेतनात संतोष मानून आपण सर्व वेळ लोकांच्या हितासाठी वेचणार. तो शब्द त्यांनी पाळला. ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, ‘केसरी’चे संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणी १८८२ साली टिळकांसह त्यांनी १०१ दिवस डोंगरीचा तुरुंगवास भोगला. १८८८ साली ‘सुधारक’ काढून स्वजनांचा रोष पत्करला. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. दम्याने जर्जर होऊन १८९५ साली, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

आता विचार करावा. आप्तांची भाकर व गुरूचा हात नसता, तर हा पुरुष कऱ्हाडच्या दवाखान्यात पुड्या बांधीतच राहिला नसता काय? केवळ निग्रहाचे गोडवे गाणे म्हणजे आपली थैली आवळून धरण्याची सोयीस्कर सबब होय!

वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला. तथापि अकोल्याने दाखविलेली वाट आमचीच आहे. आज महाविद्यालय वाशिमातच आहे. परंतु रिसोड-मानोऱ्याकडील खेड्यांतल्या मजुराच्या मुलास खोलीचे भाडे व जेवण यांची चिंता सुटलेली नाही. आमच्या व्यापारी बंधूंस पेढीवरील उधारी वर्षानुवर्षे सांभाळण्याची सवय आहे. त्याच वहीत एका मुलाच्या शिक्षणाचे खाते त्यांनी उघडावे. ती रक्कम पेढीस परत येणार नाही, हे खरे. पण १८७५ साली अकोल्यास मांडलेल्या अशाच एका खात्याचे व्याज अवघा महाराष्ट्र आजवर खात आहे.