वजनकाट्यापलीकडचा मुष्टियोद्धा : शुगर रे रॉबिन्सन

निरनिराळ्या दशकांतील मुष्टियोद्ध्यांची श्रेणी लावण्याचा खेळ मुष्टियुद्धाइतकाच जुना आहे आणि त्याचा निकाल कधीच लागत नाही. १९२० च्या दशकाचा जॅक डेम्पसी, १९३० आणि ४० च्या दशकांचा जो लुईस, १९६० च्या दशकाचा महंमद अली. यांना एका रिंगणात उभे करणे कल्पनेतच शक्य आहे. तेव्हाच्या विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या असत, आज त्या बाराच्या असतात. तेव्हा मुष्टियोद्धे महिन्या-पंधरा दिवसांनी लढत, आजचा विजेता वर्षातून दोनदा लढला तरी पुष्कळ. इतके सारे असूनही ‘द रिंग’ या मुष्टियुद्धाच्या मासिकाने २००२ मध्ये आधीच्या ८० वर्षांतील ८० सर्वोत्तम योद्ध्यांची यादी केली, तेव्हा पहिले नाव लिहिताना फारशी खळखळ झाली नसावी. अली तिसरा होता, लुईस चौथा. पहिला होता शुगर रे रॉबिन्सन. अवजड गटात तो कधी उतरलाही नव्हता.

त्याचे मूळ नाव वॉकर स्मिथ. जन्म ३ मे १९२१ चा. बालपण डेट्रॉइटमध्ये गेले. तेथील व्यायामशाळेकडे निघालेल्या तरुण जो लुईसची पिशवी हा पोरगा वाहून नेत असे, असे सांगितले जाते. पुढे आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आली. हौशी स्पर्धेत उतरायला लागणारे नोंदणीपत्र त्याच्याकडे नव्हते, म्हणून त्याने रे रॉबिन्सन नावाच्या दुसऱ्या मुलाचे पत्र वापरले आणि ते उसने नाव जन्मभर पुरले. त्याच्या खेळातील गोडवा पाहून एका क्रीडा पत्रकाराने काढलेल्या उद्गारातून ‘शुगर’ ही उपाधी जडली, ती प्रशिक्षक जॉर्ज गेनफर्डने पक्की केली.

ऑक्टोबर १९४० मध्ये तो व्यावसायिक झाला आणि पहिल्या चाळीसही लढती त्याने जिंकल्या. ५ फेब्रुवारी १९४३ रोजी डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाने त्याला हरवले. लामोटा वरच्या वजनगटाचा, अंगावर ठोसे झेलत पुढे येणारा. त्याच महिन्यात रॉबिन्सनने परतफेड केली. त्यानंतर १९५१ च्या उन्हाळ्यापर्यंत, ९१ लढतींत, तो एकदाही हरला नाही.

याच १९४३ च्या ऑगस्टमध्ये त्याची गाठ हेन्री आर्मस्ट्राँगशी पडली. एकाच वेळी तीन वजनगटांची विश्वविजेतेपदे धारण करणारा आर्मस्ट्राँग हा त्याचे दैवत, आणि २००२ च्या त्या यादीतील दुसरा मानकरी. म्हणजे यादीतले पहिले दोघे प्रत्यक्ष झुंजले आहेत! पण रॉबिन्सन बावीस वर्षांचा होता आणि आर्मस्ट्राँग उताराला लागलेला. रॉबिन्सन गुणांवर जिंकला. पाहणाऱ्यांच्या मते त्याने हात राखूनच ठोसे मारले. श्रेणी लावणाऱ्यांना त्या लढतीतून काहीच हाती लागत नाही.

डिसेंबर १९४६ मध्ये तो वेल्टरवेट गटाचा, म्हणजे १४७ पौंडांपर्यंतच्या योद्ध्यांचा, विश्वविजेता झाला. हा मान त्याला बराच उशिरा मिळाला. पुढच्या जूनमध्ये क्लीव्हलंड येथे जिमी डॉयलशी लढत ठरली. आपल्या ठोशाने डॉयल मरतो, असे स्वप्न रॉबिन्सनला आदल्या रात्री पडले. तो माघार घेऊ पाहत होता, पण समजूत घालून त्याला रिंगणात आणले गेले. आठव्या फेरीत त्याच्या डाव्या ठोशाने डॉयल कोसळला तो शुद्धीवर आलाच नाही. चौकशीत विचारले गेले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याला जेरीस आणणे हाच आपला धंदा असल्याचे त्याने कोरडेपणाने सांगितले. पुढच्या काही लढतींचे मानधन मात्र त्याने डॉयलच्या आईला दिले. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे त्याची थोरवी गाणाऱ्यांनी आणि त्याला उर्मट म्हणणाऱ्यांनीही विसरू नये.

१४ फेब्रुवारी १९५१ रोजी शिकागोत त्याने लामोटाला तेराव्या फेरीत थांबवून मिडलवेटचे, १६० पौंडांचे, विजेतेपद घेतले. त्या जुलैत लंडनमध्ये रँडी टर्पिनकडून ते गमावले, सप्टेंबरात परत मिळवले. मग २५ जून १९५२ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर आणखी वरच्या गटाचा विजेता जोई मॅक्सिम समोर आला. रिंगणातील तापमान चाळीस अंश सेल्सियसच्या घरात. दहाव्या फेरीनंतर पंचच उष्म्याने बेजार झाला आणि दुसरा आणावा लागला. तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांत रॉबिन्सन पुढे होता, पण चौदाव्या फेरीसाठी त्याला स्टुलावरून उठवेना. संपूर्ण कारकिर्दीत मुदतीपूर्वी हार पत्करण्याची ही त्याची एकमेव वेळ, आणि तीही उन्हापुढे.

तो निवृत्त झाला, रंगमंचावर नाचला, १९५५ मध्ये परतला. मिडलवेटचे विजेतेपद त्याने एकूण पाच वेळा जिंकले. १ मे १९५७ रोजी जीन फुलमरला मागे सरकता सरकता मारलेला डावा हूक आजही शिकवणीसाठी दाखवला जातो. मात्र हे चित्रीकरण छत्तिशीला टेकलेल्या माणसाचे आहे. वेल्टरवेट काळातील, म्हणजे ऐन भरातल्या रॉबिन्सनचे चित्रीकरण फारच थोडे उरले आहे. वजनाचा हिशेब बाजूला ठेवून श्रेष्ठ कोण, ही मोजणी ज्याच्या नावाने रूढ झाली, त्याची सर्वोत्तम वर्षे पिढ्यांनी केवळ ऐकून मानली आहेत. तरी ती मान्यता पोकळ नाही. ज्यांनी मार खाल्ला त्यांचीच साक्ष तिच्यामागे आहे, आणि लामोटासारखा कडवा साक्षीदार सहा लढतींचा आहे.

कमावलेले सुमारे चाळीस लाख डॉलर हार्लेममधील नाइटक्लब, गुलाबी कॅडिलॅक आणि दौऱ्यांवरच्या लवाजम्यात संपले. म्हणून तो चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत लढत राहिला. एकूण दोनशे लढतींतील एकोणीस पराभवांपैकी निम्मे तरी चाळिशीनंतरचे आहेत. डिसेंबर १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याचा निरोप समारंभ झाला. टर्पिन, ओल्सन, फुलमर, बॅसिलिओ हे जुने प्रतिस्पर्धी आले. भलामोठा चषक मिळाला, पण त्याचा भार पेलेल असे मेजही त्याच्या छोट्या घरात नव्हते.

१९६९ मध्ये त्याने लॉस एंजेलिसमध्ये मुलांसाठी संस्था काढली. तिच्या कार्यक्रमांत मुष्टियुद्ध नव्हते. अखेरच्या वर्षांत त्याला स्मृतिभ्रंशाने गाठले. १२ एप्रिल १९८९ रोजी कॅलिफोर्नियात, सदुसष्टाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.