गाणारा काऊबॉय : जीन ऑट्री

काऊबॉय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो क्लिंट ईस्टवूड. बारीक डोळे, बोलणं कमी आणि गोळ्या जास्त! पण मित्रांनो, त्याच्या तीस वर्षं आधी एक काऊबॉय असा होता, की जो पिस्तुलाइतकीच गिटारही काढायचा. आणि पब्लिक त्याच्यावर जाम फिदा होतं. त्याचं नाव जीन ऑट्री.

जन्म २९ सप्टेंबर १९०७, टेक्सासमधल्या टायोगा गावाजवळ. आजोबा धर्मोपदेशक, गाणं त्यांनीच शिकवलं. घरची परिस्थिती बेताची, म्हणून जीन रेल्वेत तारबाबू झाला. ओक्लाहोमातली आडगावची स्टेशनं, रात्रपाळी, आणि तारा येत नसतील तेव्हा गिटार. (आपण प्रॅक्टिकलच्या मधल्या वेळात काय करतो, ते इथे नको!) एकदा तार करायला आलेल्या विल रॉजर्स या प्रसिद्ध विनोदी नटाने त्याचं गाणं ऐकून त्याला रेडिओवर जायला सुचवलं, असं तो पुढे सांगत असे. रेल्वेचा पास होताच. साहेब थेट न्यूयॉर्कला! तिथे रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी आधी अनुभव घे म्हणून परत पाठवलं. मग टुल्साच्या रेडिओवर गाणं, १९२९ पासून रेकॉर्ड्स. १९३१ मध्ये रेल्वेतल्याच जिमी लाँगबरोबर केलेलं, म्हाताऱ्या वडिलांवरचं गाणं प्रचंड खपलं. तेही ऐन मंदीत, लोकांच्या नोकऱ्या जात असताना.

१९३४ मध्ये तो सिनेमात आला. पुढच्याच वर्षी आलेली 'द फँटम एम्पायर' ही १२ भागांची मालिका आपण इंजिनीअर मंडळींनी पाहायलाच हवी. जमिनीखाली हजारो फुटांवर एक शहर, तिथे राणी, किरणांची शस्त्रं आणि चक्क रोबो! आणि आपला हिरो कितीही संकटात असला तरी त्याला रोज दुपारी दोनला वर येऊन रेडिओवर गावंच लागतं, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट गेलं! लॉजिक विचारू नका.

१९३५ च्या 'टम्बलिंग टम्बलवीड्स'पासून रिपब्लिक कंपनीत त्याचे सिनेमे धडाधड निघू लागले. बजेट तुटपुंजं, गोष्ट साधारण तीच. सोबत विनोदाला स्माइली बर्नेट आणि चॅम्पियन घोडा. पण गंमत अशी, की या सिनेमांत घोड्यांच्या बरोबरीने मोटारी, टेलिफोन, रेडिओही असत, आणि व्हिलन बरेचदा जमीन किंवा पाणी बळकावणारा सुटाबुटातला माणूस. कर्जात बुडालेल्या छोट्या गावांतल्या प्रेक्षकाला तो ओळखीचाच होता. माझ्या मते जीन अभिनेता म्हणून यथातथाच, पण लोकांना तो आपल्यातला वाटला.

१९३८ मध्ये मात्र ठिणगी पडली. जीनचे सिनेमे हवे असतील तर रिपब्लिकचे बाकीचेही घ्या, अशी थिएटरवाल्यांवर सक्ती होती. हे त्याला पटेना, शिवाय पैसेही कमीच. त्याने काम बंद केलं. कंपनीने काय करावं? लेनर्ड स्लाय नावाच्या पोराला रॉय रॉजर्स असं नाव देऊन जीनच्या जागी उभं केलं! पोरगा हिट झाला. जीनने तडजोड केली, पगार वाढला, पण पर्याय तयार आहे हे त्याला कळून चुकलं.

तरीही १९४२ मध्ये, लोकप्रियतेच्या ऐन भरात, तो सैन्यात दाखल झाला. शपथ घेतली तीसुद्धा रेडिओच्या कार्यक्रमात. मालवाहू विमानांचा पायलट झाला. इकडे १९४३ मध्ये वेस्टर्न नटांच्या यादीत एक नंबरवर रॉय रॉजर्स! परतल्यावर जीनने रिपब्लिकशी कोर्टात भांडून कॉन्ट्रॅक्टमधून सुटका करून घेतली आणि स्वतःची कंपनी काढली. १९४९ मध्ये लाल नाकाच्या रेनडिअरचं गाणं गायलं, ते आजही नाताळात वाजतं. १९५० मध्ये टीव्हीवर गेला, पुढे रेडिओ स्टेशनं घेतली, आणि १९६१ पासून मैदानात उतरलेली एंजल्स ही बेसबॉल टीमही त्याचीच.

रेल्वेचा तारबाबू टीमचा मालक झाला, पण ही टीम काही वर्ल्ड सिरीज जिंकेना. २ ऑक्टोबर १९९८ ला जीन गेला. एंजल्सनी ती जिंकली २००२ मध्ये.