रुस्तुम-ए-जमाँ गामा

एखादा मुलगा आपल्या ताकदीची फुशारकी मारू लागला, की मोठी माणसे त्याला गमतीने गामा पहिलवान म्हणतात. हा गामा कोण होता, ते आज आपण पाहू.

गामाचे खरे नाव गुलाम मुहम्मद बख्श. त्याचा जन्म १८७८ च्या सुमारास पंजाबात अमृतसर भागात झाला. घराणे काश्मिरी पहिलवानांचे होते. गामा सुमारे सहा वर्षांचा असताना वडील वारले. मग आजोळच्या माणसांनी त्याला वाढवले आणि कुस्तीचे धडे दिले.

पहिलवान व्हायचे, तर व्यायाम हवा. त्या काळी व्यायामाला यंत्रे नव्हती. आखाड्याची माती, एक लंगोट आणि स्वतःचे शरीर एवढेच त्याचे सामान. गामा जोर काढी आणि बैठका मारी. आपण घरी ज्याला डंड म्हणतो, त्यालाच मराठीत जोर म्हणतात. जोर काढल्याने छाती, खांदे आणि दंड भरतात. बैठकांनी मांड्या व पोटऱ्या घट्ट होतात आणि दम वाढतो. या व्यायामात आपल्याच शरीराचे वजन आपण उचलतो. म्हणून त्याला पैसा लागत नाही.

१८८८ मध्ये जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा ठेवली. देशभरातून चारशेहून अधिक पहिलवान आले. दहा वर्षांचा गामाही त्यांत उभा राहिला. एकेक जण थकून बाजूला झाला. शेवटी पंधराच उरले आणि त्यांत गामा होता. महाराजांनी त्यालाच विजयी ठरवले. त्यानंतर तो आठवडाभर अंथरुणावर पडून होता, असे सांगतात. यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बैठकांची संख्या हळूहळूच वाढवावी. एका दिवसात कोणी गामा होत नाही.

पुढे दतिया संस्थानच्या महाराजांनी त्याला आश्रय दिला. गामा रोज हजारो बैठका मारी, असे म्हणतात. शरीर तयार झाल्यावर तो गळ्यात दगडी कडे अडकवून बैठका मारू लागला. बायकांच्या गळ्यातल्या हसलीसारखा त्याचा आकार, म्हणून त्याला हसलीच म्हणत. सुमारे ९५ किलो वजनाची त्याची हसली पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

गामाचा व्यायाम स्वस्त होता. पण त्याचा खुराक महाग होता. दूध, तूप, बदाम यांचा खर्च दरबार करी. मात्र आपल्याला कुस्तीचे मैदान मारायचे नाही, तर निरोगी राहायचे आहे. त्यासाठी घरची रोटी, डाळ, भाजी आणि जमेल तेव्हा अंडे किंवा दूध पुरेसे आहे.

गामाची उंची बेताची होती. १९१० मध्ये तो भाऊ इमाम बख्श याच्याबरोबर लंडनला गेला, तेव्हा याच कारणामुळे त्याला स्पर्धेत घेतले गेले नाही. गामा निराश झाला नाही. कोणत्याही वजनाच्या पहिलवानाने समोर यावे, असे त्याने जाहीर आव्हान दिले. अमेरिकेचा नामांकित मल्ल डॉक्टर रोलर पुढे आला आणि गामाने त्याला चीत केले. मग १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडचा धिप्पाड मल्ल झ्बिश्को याच्याशी त्याची गाठ पडली. झ्बिश्को जमिनीला चिकटून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ झुंज चालली, पण निकाल लागला नाही. कुस्ती पुन्हा १७ सप्टेंबरला ठरली. त्या दिवशी झ्बिश्को आलाच नाही आणि मानाचा पट्टा गामाला मिळाला.

१९२८ मध्ये पतियाळा येथे हे दोघे पुन्हा समोरासमोर आले. गामा तेव्हा पन्नाशीला पोहोचला होता. तरीही त्याने झ्बिश्कोला एक मिनिटाच्या आत आस्मान दाखवले. रोजच्या व्यायामाचे फळ इतकी वर्षे टिकते!

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. पंजाबात दंगली उसळल्या. गामा त्या वेळी लाहोरमध्ये होता. दंगलखोरांचा जमाव आला, तेव्हा तो आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी उभा राहिला, असे सांगतात. आखाड्यात कमावलेली ताकद अशी शेजाऱ्यांच्या कामी आली. गामाने अनेक कुस्त्या जिंकल्या. पण त्याची ही कुस्ती सर्वांत मोठी म्हणावी लागेल.

१९६० मध्ये लाहोर येथे गामाचे निधन झाले.

मुलांनो, महागडे बूट किंवा यंत्रे नाहीत म्हणून व्यायाम थांबवू नका. घराच्या गच्चीवर किंवा अंगणात चटईभर जागा पुरते. पहिल्या दिवशी दहा बैठका आणि पाच जोर काढा. गुडघा किंवा पाठ दुखू लागली, तर थांबा. दर आठवड्याला दोन-चार वाढवा आणि खाडा करू नका. अंगात ताकद आली, की ती कोणाला दाबण्यासाठी वापरायची नाही, सांभाळण्यासाठी वापरायची, हेही गामाकडून शिका.