कै. खाशाबा दादासाहेब जाधव : एका मल्लाचे चरित्र

स्मरणिकेच्या चालकांनी ह्या वर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी आम्हांस आज्ञा केली. राजे, संत व पुढारी ह्यांची चरित्रे वाचकांस पाठ आहेत. म्हणून लंगोट लावून जगाच्या आखाड्यात उतरलेल्या एका खेडुताचे चरित्र सादर करण्याचे आम्ही योजिले. आमच्या हदगावकडील जत्रांतून रेवड्यांच्या कुस्तीपासून पुढे चढत जाणारा फड ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ह्या चरित्राची गोडी निराळी सांगावयास नको.

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर ह्या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित मल्ल. पाच मुलांत खाशाबा धाकटे. मूल पाच वर्षांचे होते न होते तोच वडिलांनी त्यास मातीत उतरविले. ज्या घरात जेवणाच्या पंगतीसही डावपेचांची चर्चा चालते, तेथे वेगळ्या शाळेची गरज ती काय? तथापि दादासाहेबांनी मुलास केवळ तालमीत ठेविले नाही, हे आम्हांस विशेष वाटते. १९४० ते १९४७ ह्या काळात खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले व पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. बाबूराव बलावडे व बेलापुरी गुरुजी ह्यांचे मार्गदर्शन त्यांस लाभले. १९४२ च्या चळवळीत भूमिगतांस आसरा देण्याचे व त्यांचे निरोप पोचविण्याचे कामही ह्या विद्यार्थ्याने केले.

शरीराने ते ठेंगणे व हलके होते. थोराड देहाच्या पैलवानालाच पैलवान समजणाऱ्या आपल्या लोकांस त्यांच्याकडे पाहून प्रथम कौतुक वाटले नसावे. परंतु अंगातील चपळाई विलक्षण, आणि ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. प्रतिपक्षाची मान बगलेत आली की तो उचलून टाकला जाई.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च सोसला व खाशाबा विलायतेस गेले. (त्या उन्हाळ्यात आमच्या हदगावावर अद्याप निजामाचा अंमल होता. मराठवाडा मोकळा झाला तो सप्टेंबरात.) आजवर त्यांची सारी कुस्ती मातीवर झालेली. मातीत पाय रुततो, घामेजलेल्या अंगास माती लावली की पकड बसते, आणि प्रतिपक्षाची पाठ लागली की निकाल झाला. गादीवर पाय निराळा पडतो, घड्याळ लावलेले असते, व पंच प्रत्येक हालचालीचे गुण मांडतात. अमेरिकेच्या रीस गार्डनर ह्या मल्लाने त्यांस तेथे थोडेबहुत शिकविले. तेवढ्या तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस व अमेरिकेचा बिली जर्निगन ह्यांस हरविले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र ते हरले. सर्वांत हलक्या वजनगटात त्यांचा क्रमांक सहावा लागला. दुसरा कोणी एवढ्यावर समाधान मानता. खाशाबांनी पुढील चार वर्षे मेहनत वाढविली व वजनगटही एक पायरी वरचा धरिला.

आता १९५२ सालाकडे वळू, कारण ह्या चरित्राचा गाभा तेथेच आहे. निवडीच्या वेळी मद्रास येथे गुण देण्यात आपणावर अन्याय झाला, असे खाशाबांचे म्हणणे पडले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, फिरून कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकून फिनलंड देशातील हेलसिंकीस जाण्याचा हक्क मिळविला. हक्क मिळाला, पण पैसा कोठून आणावा? कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले होते. मल्लांस पोसणारा राजा उरला नव्हता, आणि त्याची जागा घेणारी व्यवस्था अद्याप उभी राहिली नव्हती.

तेव्हा लोकांपुढे झोळी पसरण्यात आली. गावकऱ्यांनी व दुकानदारांनी जमेल तसे दिले. वर्गणी म्हटली की नाक मुरडणारे गृहस्थ आमच्याही ओळखीचे आहेत. त्यांनी ही हकिकत सावकाश वाचावी. एवढे करूनही रक्कम पुरी होईना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. आमचा जन्म मास्तरकीत गेला. विद्यार्थ्याची फी पदरची भरणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत, परंतु विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी आपल्या कुटुंबाचे छप्पर पणास लावणारा दुसरा शिक्षक आमच्या ऐकिवात नाही. विद्यार्थी हरून आला असता तर? हा विचार त्यांच्या मनास शिवला नसेल काय?

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी ह्या देशांच्या मल्लांवर विजय मिळविले. जपानच्या शोहाची इशीईशी झालेली झुंज दीर्घ चालली व अगदी थोडक्यात हातची गेली. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळावयास हवी होती. तथापि त्यांची बाजू मांडावयास कोणी भारतीय अधिकारी त्या वेळी हजर नव्हता, असे सांगतात. थकलेल्या अंगाने त्यांस सोव्हिएत रशियाच्या रशीद मामदबेयोव्हपुढे उभे राहावे लागले व तेथे ते हरले. इशीईस सुवर्ण, मामदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांस कांस्य पदक मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२ चा. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर जिंकलेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. तसे दुसरे पदक येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. कोल्हापूरकडचेच केशवराव माणगावे त्याच सामन्यांत वरच्या वजनगटात चौथे आले. त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवितो.

परत आल्यावर शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरच्या महादेव मंदिरापर्यंतची वाट एरव्ही पाव तासाची. त्या दिवशी तीस सात तास लागले. पण मिरवणूक संपताच खाशाबांस आठवले ते गुरूचे गहाण पडलेले घर. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या भरविल्या, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडविले. पदकाइतकेच मोल आम्ही ह्या कर्जफेडीस देतो.

पुढील आयुष्य थोडक्यात सांगतो. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे ऑलिंपिक हुकले. बढतीसाठी त्यांस फार वर्षे तिष्ठावे लागले. निवृत्तीच्या सुमारास ते सहायक आयुक्त होते, आणि निवृत्तिवेतनासाठीही त्यांस खेटे घालावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. शिवछत्रपती पुरस्कार व अर्जुन पुरस्कार हे दोन्ही मृत्यूनंतरचे. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या आखाड्यास त्यांचे नाव देण्यात आले. गोळेश्वरात त्यांनी बांधलेल्या घराचे नाव ऑलिंपिक निवास असे आहे.