हातात दोन एक्के आणि समोरचा ऑल-इन: पोकरचं गणित मांडणारे जॉन फॉन नॉयमन

समजा, तुमच्या हातात दोन एक्के आलेत. नो-लिमिट होल्डेम पोकरमध्ये सुरुवातीला यापेक्षा भारी हात नाही. सरासरी २२१ डावांत एकदाच तो मिळतो. तुम्ही थोडे चिप्स लावता. समोरचा तिप्पट लावतो. टेबलावर पानं उघडली की पुन्हा लावतो आणि शेवटी स्वतःचा सगळा ढीग मध्ये ढकलतो. आता काय करायचं? तो खरंच जोरात आहे की नुसता दम देतोय?

ज्यांनी गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळलीय त्यांना ही धडधड माहीत आहे. पण या धडधडीचं गणित मांडता येतं हे ज्यांनी सिद्ध केलं, ते १९५७ मध्येच वारले. त्यांचं नाव जॉन फॉन नॉयमन. गंमत म्हणजे तुमच्या हातातला स्मार्टफोन ज्या आराखड्यावर चालतो, त्यालाही त्यांचंच नाव आहे. आज त्यांचीच गोष्ट बघूया.

बुडापेस्टचा यान्ची

२८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमधल्या एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील बँकेत मोठ्या पदावर होते. पोराचं नाव यानोश, घरात सगळे यान्ची म्हणायचे. गणितात तो इतका पुढे होता की शाळेतल्या शिक्षकांनी त्याच्यासाठी विद्यापीठातल्या लोकांकडे वेगळ्या शिकवणीची सोय करून दिली.

वडिलांना मात्र काळजी होती, की गणितावर पोट कसं भरणार? (हा संवाद आपल्याकडच्या घरांनाही नवीन नाही.) मग तोडगा निघाला. यान्चीने झुरिकला केमिकल इंजिनिअरिंगही केलं आणि बुडापेस्टमधून गणिताची डॉक्टरेटही मिळवली. दोन्ही पदव्या १९२६ मध्ये हातात आल्या, तेव्हा वय होतं २२.

प्रश्न नशिबाचा नव्हताच

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनला त्यांनी एक निबंध वाचला. विषय होता, बैठ्या खेळांचं गणित. १९२८ मध्ये तो छापून आला. फ्रान्सचे गणिती एमिल बोरेल यांनी त्याआधीच या विषयाला हात घातला होता, पण सगळ्यांना लागू पडेल असा पुरावा दिला तो फॉन नॉयमन यांनी.

बुद्धिबळात सगळं पटावर उघडं असतं. पोकरमध्ये समोरच्याची पानं झाकलेली असतात आणि तो खोटंही वागू शकतो. मग अशा खेळात सगळ्यात चांगली खेळी कुठली?

त्यांचं उत्तर साध्या शब्दांत असं: दोघांच्या खेळात, जिथे एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा असतो, तिथे खेळण्याची अशी एक पद्धत नक्की असते की समोरच्याला ती आधीच कळली तरी तो तुम्हाला ठरावीक मर्यादेपलीकडे नुकसान करू शकत नाही. फक्त त्या पद्धतीत कधी कधी मुद्दाम नेम चुकवावा लागतो. म्हणजे तोच हात दहापैकी काही वेळा एका प्रकारे आणि काही वेळा दुसऱ्या प्रकारे खेळायचा. या सिद्धांताला मिनिमॅक्स म्हणतात.

१ ते १०० चा पोकर

१९४४ मध्ये अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासोबत त्यांनी गेम थिअरीवर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात पोकरसाठी वेगळं प्रकरण आहे. खरा पोकर फार गुंतागुंतीचा, म्हणून त्यांनी तो सोपा करून घेतला. आपण तो अजून सोपा करून बघू.

दोन खेळाडू. पत्त्यांऐवजी प्रत्येकाला १ ते १०० मधला एक आकडा मिळतो, मोठा आकडा जिंकतो. दोघांनी सुरुवातीला १०० - १०० चिप्स टाकलेत, म्हणजे मध्ये २००. पहिला खेळाडू एकतर गप्प बसेल (चेक) आणि लगेच आकडे उघडतील, नाहीतर तो आणखी १०० लावेल. लावले तर दुसऱ्याने एकतर तेवढेच टाकून बघायचं (कॉल), नाहीतर डाव सोडायचा (फोल्ड).

हे गणित सोडवलं की पहिल्या खेळाडूसाठी उत्तर येतं ते असं:

- आकडा ७० च्या वर असेल तर लावा.
- आकडा १० ते ७० मध्ये असेल तर गप्प बसा.
- आकडा १० च्या खाली असेल तर पुन्हा लावा!

शेवटची ओळ परत वाचा. ब्लफ मारायचा तो मधल्या हातावर नाही, सगळ्यात फालतू हातावर. कारण मधला हात गप्प बसूनही कधी कधी जिंकतो, फालतू हात गप्प बसून जवळपास कधीच जिंकत नाही. प्रमाणही ठरलेलं आहे: तीन खऱ्या हातांमागे एक खोटा.

आणि दुसऱ्या खेळाडूसाठी? ४० च्या वर असेल तर कॉल, नाहीतर फोल्ड.

यातली खरी मेख फॉन नॉयमन यांनी दाखवून दिली. ब्लफ फक्त खोटा हात जिंकवण्यासाठी नसतो. तुम्ही कधी तरी खोटं बोलता हे समोरच्याला माहीत असेल, तरच तुमच्या भारी हातावर तो पैसे टाकेल. कधीच ब्लफ न मारणाऱ्या माणसाने चिप्स लावले की सगळे उठून जातात. त्याचे एक्के फुकट जातात.

मग समोरचा अंगावर आला तर?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. वरच्या खेळात समोरचा १०० लावतो तेव्हा तुम्हाला १०० टाकून ३०० मिळवायची संधी असते. म्हणजे चारपैकी एकदा जरी तो खोटा निघाला तरी तुमचा हिशेब बरोबरीत सुटतो. नियमाने खेळणारा बरोबर तेवढंच खोटं बोलतो, त्यामुळे मधल्या हातावर तुम्ही कॉल करा की फोल्ड, सरासरी फरक शून्य.

पण समोरचा फारच आक्रमक असेल तर? समजा, तो खालच्या १० ऐवजी खालच्या ३० आकड्यांवर ब्लफ मारतोय. आता त्याची निम्मी चाल खोटी आहे. तुमच्याकडे ५० आहे असं धरा. अर्ध्या वेळा तुम्ही ३०० मिळवता, अर्ध्या वेळा १०० घालवता. प्रत्येक कॉलमागे सरासरी १०० चिप्सचा फायदा! तुम्ही काहीच शौर्य केलं नाही. त्याच्या आक्रमकपणानेच तुम्हाला ते दिले.

या सोप्या खेळात उलटून वाढवायची, म्हणजे रेज करायची सोय नाही. खऱ्या होल्डेममध्ये आहे, आणि तिथेच भारी हात असलेले लोक घाई करतात. समजा, तुमच्याकडे दोन एक्के आहेत आणि टेबलावर एक्का, सात, दुरी अशी तीन वेगवेगळ्या रंगांची पानं आली. तुमचे तीन एक्के झाले. समोरचा जोरात लावतोय. तुम्ही लगेच रेज केलं तर त्याचे सगळे ब्लफ पळून जातील, उरतील फक्त थोडे खरे हात. नुसता कॉल केला तर तो पुढच्या पानावर पुन्हा खोटं बोलू शकतो. पुढच्या पानाने तुमचं बिघडण्याची भीतीही इथे कमी. म्हणून इथे शांतपणे कॉल करणं बऱ्याचदा जास्त कमावून देतं.

पण टेबलावर बदामाची दश्शी, बदामाची नव्वी आणि किलवरची दुरी असेल तर? समोरच्याकडे दोन बदाम असतील, तर उरलेल्या दोन पानांत त्याचा फ्लश लागण्याची शक्यता साधारण ३५ टक्के. इथे स्वस्तात पान बघू देणं महागात पडतं, म्हणून वाढवायचं.

आणि एक गोष्ट विसरायची नाही. एकाच खेळाडूसमोर पानं न बघता दोन एक्के साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात, म्हणजे सातातून एकदा हरतात. पाच जण शेवटपर्यंत टिकले, तर एक्के जिंकण्याची शक्यता निम्म्यावर येते. हरलेला प्रत्येक डाव चुकीचा खेळलेला नसतो.

पुस्तक लिहिणारा टेबलावर हरतो

इतकं वाचून वाटेल, फॉन नॉयमन टेबलावर सगळ्यांना लुटत असतील. अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धात न्यू मेक्सिकोतल्या लॉस अॅलमॉसला अणुबॉम्बवर काम चालू असताना शास्त्रज्ञ रात्री पोकर खेळायचे. फॉन नॉयमनही खेळायचे, पण त्यांचा खेळ बेताचाच होता. त्यांचे सहकारी निकोलस मेट्रोपोलिस यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांनी पोकरमध्ये फॉन नॉयमनकडून १० डॉलर जिंकले, ५ डॉलरला त्यांचंच गेम थिअरीचं पुस्तक घेतलं आणि उरलेले ५ विजयाची खूण म्हणून पुस्तकात चिकटवून ठेवले.

त्यांची दुसरी पत्नी क्लारा यांच्या आठवणींत असाच एक प्रसंग आहे. दोघांची भेट मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत झाली, तेव्हा फॉन नॉयमन कागदांवर हिशेब मांडून रुलेट हरवायला निघाले होते आणि खिसा रिकामा करून बसले. रुलेटच्या चाकाला मन नसतं, त्याला फसवता येत नाही. हीच क्लारा पुढे एनिअॅक या संगणकावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक झाली.

फोनमधला फॉन नॉयमन

फॉन नॉयमन १९३० पासून अमेरिकेत प्रिन्स्टनला होते. १९४५ मध्ये त्यांनी एडव्हॅक नावाच्या नव्या संगणकाचा आराखडा लिहिला. तोवर एनिअॅकला नवं काम द्यायचं तर तारा आणि स्विच बदलावे लागायचे, त्यात दिवस जायचे. नव्या आराखड्यात माहिती आणि प्रोग्रॅम दोन्ही एकाच मेमरीत ठेवायचे होते. आज तुम्ही अॅप डाउनलोड करता आणि फोन न उघडता तो नवं काम करायला लागतो, ते याच कल्पनेमुळे. या कल्पनेत एकर्ट आणि मॉचली या इंजिनिअरांचाही मोठा वाटा होता, पण आराखड्यावर नाव एकट्या फॉन नॉयमन यांचं लागलं. तो वाद अजून मिटलेला नाही.

त्यांच्या प्रिन्स्टनच्या मशीनवरून जगभर संगणक तयार झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेला टिफ्रॅक त्याच कुळातला.

जिथे गणित थांबलं

युद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएत रशिया अण्वस्त्रं घेऊन समोरासमोर उभे राहिले. फॉन नॉयमन यांचं मत कडक होतं: रशियाने बॉम्बचा साठा करण्याआधीच हल्ला करावा. सुदैवाने तसं झालं नाही. पोकरमध्ये सरासरी जुळायला हजारो डाव मिळतात. अणुयुद्धाचा डाव एकदाच होतो, आणि त्यात दोघेही हरू शकतात. एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा, ही त्यांच्या १९२८ च्या सिद्धांताची अटच तिथे लागू पडत नाही.

१९५५ मध्ये त्यांना कॅन्सर झाल्याचं कळलं. काही महिन्यांत ते व्हीलचेअरवर आले. आयुष्यभर धर्मापासून लांब राहिलेल्या या माणसाने दवाखान्यात कॅथलिक धर्मगुरूंना बोलावून घेतलं. मित्र चकित झाले. तरीही मरणाची भीती गेली नाही असं जवळच्या लोकांनी सांगितलंय. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी वॉशिंग्टनमध्ये ते वारले. वय फक्त ५३.

आणि मग मशीन खेळायला बसलं

होल्डेम लास वेगासला पोहोचला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९६० च्या दशकात. पण हा खेळ जिंकणारे प्रोग्रॅम त्यांच्याच रस्त्याने गेले. मशीन स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळतं. प्रत्येक डावानंतर हिशेब करतं, की दुसरी चाल खेळलो असतो तर किती जास्त मिळालं असतं? ज्या चालीचा पश्चात्ताप जास्त, ती पुढच्या वेळी जास्त वेळा. दोघांच्या खेळात असं करत करत मशीन त्याच संतुलनाजवळ पोहोचतं, जे असतंच असं फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलं होतं.

जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटसने चार व्यावसायिक खेळाडूंना २० दिवसांत १,२०,००० डाव खेळून हरवलं. २०१९ मध्ये प्लुरिबस सहा जणांच्या टेबलावर जिंकला. मशीन समोरच्याचा चेहरा बघत नाही, चिडत नाही. भारी हात कधी वाढवतं, कधी शांतपणे कॉल करतं, आणि फालतू हातावर ठरलेल्या प्रमाणात ब्लफ मारतं.

म्हणूनच एक शेवटचं. खऱ्या पैशांचं ऑनलाइन टेबल असेल तर समोर माणूस आहे की बॉट, हे तुम्हाला स्क्रीनवरून कळत नाही. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणणारा कायदा मंजूर केला, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नका. गणित समजून घ्यायचं असेल तर मित्राला समोर बसवा, १ ते १०० च्या चिठ्ठ्या करा आणि चिप्सऐवजी शेंगदाणे लावा. पन्नासेक डाव झाले की मित्र फार ब्लफ मारतोय की फार घाबरतोय, ते तुमच्या लक्षात येईल. आणि त्यालाही तुमचं.