रेव्हरंड नारायण शेषाद्री आणि त्यांचा धाकटा भाऊ

आमच्या मंडळ्यांत मुलास बाप्तिस्मा देण्याचा प्रसंग आला म्हणजे पुष्कळदा असा प्रश्न निघतो की, ज्या लेकरास अद्याप बोलताही येत नाही त्याच्या मस्तकावर पाणी शिंपडण्यात काय अर्थ? ह्या प्रश्नाशी ज्यांच्या आयुष्याचा निकट संबंध आला, अशा रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

नारायण हे ब्राह्मण कुळातले. मुंबईत स्कॉच मिशनच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, व तेथे रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट ह्यांचा सहवास त्यांस घडला. त्या काळी बाप्तिस्मा घेणे म्हणजे काय, हे आज कल्पनेनेच जाणले पाहिजे. विद्यालयात पवित्र शास्त्र वाचले तरी जात जात नसे. मनाने विश्वास धरिला तरी घरचे ताट सुटत नसे. पाणी मस्तकावर पडले की मात्र आईबाप, घरदार, सोयरेधायरे, सर्व एका दिवसात परके होत. धर्मांतर करणाऱ्याचा वारसा राखणारा १८५० चा २१ वा कायदा तेव्हा व्हावयाचा होता. हे सर्व जाणून सप्टेंबर १८४३ मध्ये नारायण ह्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी स्कॉटलंडातील मंडळी दुभंगली होती, व मुंबईचे हे मिशनरी फ्री चर्चच्या बाजूस गेले होते.

नारायण एकटे आले नव्हते. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे १२ वर्षांचे, हाही मिशनऱ्यांच्या घरी येऊन राहिला. त्यास बाप्तिस्मा दिला गेला नाही. प्रेस्बिटेरियन मंडळीत विश्वासणाऱ्यांच्या तान्ह्या लेकरास पाणी शिंपडतात, आणि हा तर बोलता, विचार करिता मुलगा! मग असे का? कारण हे की, तान्ह्या लेकराचा बाप्तिस्मा हा देवाच्या कराराचे चिन्ह व मुद्रा होय. आईबापांपैकी एक तरी त्या करारात असावा लागतो, व तो सर्व मंडळीसमोर त्या लेकराविषयी वचन देतो. श्रीपताचे आईबाप करारात नव्हते. तेव्हा त्याने स्वतःच्या तोंडाने व स्वतःच्या समजुतीने उत्तर द्यावयाचे होते, आणि त्यासाठी थांबणे मिशनऱ्यांस प्राप्त झाले.

ते थांबले, आणि तेवढ्यात बापाने सुप्रीम कोर्टात फिर्याद नेली. प्रतिवादी नेस्बिटसाहेब होते. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी ह्यांनी मुलगा बापाच्या स्वाधीन केला. बापाचे हृदयही आम्ही समजू शकतो; एक मुलगा गेला, दुसरा जात होता. कायद्याचा हा निकाल आम्हांस अन्यायाचा वाटत नाही, जरी त्या मुलाची दया आल्यावाचून राहत नाही.

पुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. श्रीपताच्या अंगावर बाप्तिस्म्याच्या पाण्याचा थेंबही पडला नव्हता. तरी मिशनऱ्यांच्या घरी राहून तो जेवला, म्हणून तो बाटला असे जातीचे मत पडले. त्यास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे ह्यासाठी बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी पुढाकार घेतला व पुष्कळ निंदा सोसली. म्हणजे मंडळीच्या हिशेबी जो अद्याप आत आलाच नव्हता, तो जातीच्या हिशेबी केव्हाच बाहेर गेला होता! वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकारात असे शिकविले आहे की, बाप्तिस्म्याचा परिणाम तो विधि होतो त्याच घटकेशी बांधलेला नाही, आणि पाण्यावाचून तारण नाही असेही नाही. श्रीपतास आठवून ती कलमे वाचावी, म्हणजे त्यांचा आधार किती मोठा हे कळते.

नारायण ह्यांस १८५४ साली पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८७३ साली न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस ते गेले होते. परंतु त्यांचे खरे काम मुंबईत नव्हे, निजामाच्या राज्यातील जालन्यास झाले. तेथे त्यांच्याजवळ आले ते बहुतेक मांग लोक. गावकुसाबाहेरच्या ह्या कुटुंबांस त्यांनी बाप्तिस्मा दिला, आणि त्यांच्यासाठी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसविले. तेथे आईबाप विश्वासात आले होते. म्हणून त्यांची तान्ही लेकरेही मंडळीसमोर आणिली जात. एके काळी ज्या हातास मांगाची सावली चालत नव्हती, त्याच हाताने मांगाच्या लेकराच्या कपाळावर पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नामाने पाणी घातले जाई. भावासाठी जे त्यांस करिता आले नाही, ते परक्यांच्या लेकरांसाठी करिताना त्यांच्या मनात काय येत असेल?

१८९१ साली ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.