विश्लेषण : फोनमधल्या चिपचं ओझं कमी करणारं डी. डी. कोसंबींचं गणित काय होतं?

आपण फोटो पाठवतो, व्हिडीओ कॉल करतो, तेव्हा फोनमधल्या चिपमध्ये आकड्यांचा पूर आलेला असतो. तो आवाक्यात ठेवणाऱ्या गणिताची एक सुरुवात १९४३ मध्ये पुण्यात झाली. ती करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी महाराष्ट्राला इतिहासकार म्हणून माहीत आहेत.

चिपमध्ये नेमकं अडतं कुठे?

डिजिटल सिग्नल प्रोसेसर गुणाकार आणि बेरजा झपाट्यानं करतो. अडतं ते बहुतेकदा आकड्यांच्या ने-आणीत. प्रोसेसर, मेमरी, माइक, कॅमेरा यांना जोडणाऱ्या सामाईक वाटेला ‘बस’ म्हणतात. समजा, निफाड तालुक्यातल्या सायखेड्याच्या गोदावरी पुलावरून एका वेळी एकाच बाजूचे कांद्याचे ट्रॅक्टर सोडायचे ठरले, तर आधी कोण जाणार हे सांगायला तिथे कुणीतरी उभं राहावं लागेल. चिपमध्ये हे काम ‘आर्बिटर’ नावाचं सर्किट करतं.

दुसरी भानगड घड्याळांची. माइककडचा भाग संथ तालावर चालतो, प्रोसेसर कितीतरी वेगानं. ताल न जुळवता बिट उचलला, तर तो ० आणि १ यांच्या मध्येच लटकलेला सापडू शकतो. म्हणून सीमेवर ‘फिफो’ ही छोटी मेमरी असते. एका घड्याळानं भरायची, दुसऱ्या घड्याळानं आलेल्या क्रमानं रिकामी करायची. थांबणं दोन्हीकडे आलंच. मग मुळात आकडेच कमी पाठवले तर?

कोसंबींचं उत्तर

सायखेड्यातलंच उदाहरण घेऊ. प्रत्येक पुरात तासातासाला पाण्याची पातळी नोंदवली, तर दर पुराचे शंभरेक आकडे होतील. पण पाणी चढण्या-उतरण्याची तऱ्हा दर वेळी साधारण सारखी असते. बऱ्याच पुरांच्या नोंदींवरून दोन-तीन मूळ आकार काढले, की नवा पूर सांगायला प्रत्येक आकार किती मिसळायचा, एवढं पुरतं. शंभर आकड्यांचं काम दोन-तिनांत, थोडी चूक पत्करून. सरासरी चूक सर्वात कमी राहील असे आकार कसे निवडायचे, हे हा सिद्धांत सांगतो. जेपीईजी फोटोंमध्ये वापरलं जाणारं ‘डीसीटी’ हे त्याच रूपांतराचं झटपट करता येणारं, जवळपास तितकंच चांगलं रूप आहे.

कोण होते कोसंबी?

जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातलं कोसबें. वडील बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी. शिक्षण अमेरिकेत, १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी. मग बनारस, अलीगढ आणि पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. याच काळात त्यांनी जुन्या आहत नाण्यांची वजनं घेऊन, झिजेवरून त्यांचा काळ ठरवायला संख्याशास्त्र वापरलं. इतिहासाकडे ते या वाटेनं वळले.

सिद्धांताचा लेख इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. महायुद्ध चालू होतं, परदेशात तो फारसा पोहोचला नाही. फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी पुढच्या काही वर्षांत तेच स्वतंत्रपणे मांडलं आणि नाव त्यांचं झालं. आम्ही इंजिनीअरिंगला शिकलो तेही त्याच दोन नावांनी. दोष कुणाचा नाही, पण पुण्यात वाढलेल्या सिद्धांताचं नाव पुण्यातच ठाऊक नसावं, हे खटकतं.

पुढे होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. राहणं पुण्यात, नोकरी मुंबईत, प्रवास डेक्कन क्वीनचा. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या फेलोशिपवर त्यांनी इंग्लंड-अमेरिकेतली इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रं अभ्यासली. त्यांची प्राचीन भारतीय इतिहासावरची काही पुस्तकं याच नोकरीच्या काळातली. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा त्यांनी धरलेला आग्रह मात्र भाभांच्या वाटेच्या उलट होता. संबंध ताणले गेले आणि १९६२ मध्ये त्यांचा करार वाढवला गेला नाही.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय ५८. आता काही लेखनात सिद्धांताच्या नावात कोसंबीही जोडलं जातं.